उताणं निजण्याची भीती

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणून घेत होते. बदलापूर गावातली शाळा, सारवलेली जमीन, समोर बसकरांवर बसलेली मुलं. मुलं एका सुरात म्हणत होती आणि मी टेबलाशी उभी होते. मध्येच मला वाटलं, आपण घेतलेला श्वास पुरला नाही. म्हणून दुसरा घेतला. तोही पुरला नाही. तिसरा घ्यायला गेले तर छाती आधीच भरलेली, आत जागाच नाही. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि काळीज इतक्या जोरात उडायला लागलं की पदराखालून ते मुलांना दिसत असणार असं मला वाटलं. मी मरते आहे, हातात खडू घेऊन, या पोरांच्या देखत, एवढंच मला कळत होतं.

मी खुर्चीत बसले. मुलं पाढा म्हणतच राहिली. थोड्या वेळाने बोटं परत माझी झाली, श्वास पुरू लागला. घंटा झाली, मुलं पळाली. कुणाला काही कळलं नाही. घरी जाऊन मी भात टाकला, आमटी केली, आणि कुणाशी बोलले नाही.

देश स्वतंत्र होऊन चारपाच वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी बदलापूरला आले होते. घरात आम्ही तिघंच. हे अंबरनाथला कारखान्यात जात, आणि सासूबाई दिवसभर घर सांभाळत. त्या कोकणातल्या, अंगाने काटक, फार न बोलणाऱ्या. मी त्यांना आई म्हणत असे. मी नोकरी करते याचा त्यांना मनातून अभिमान होता, पण तो त्यांनी मला कधी दाखवला नाही. शेजारणीकडून कळायचा.

पुन्हा झालं ते विहिरीवर. पोहरा वर ओढताना तसंच, श्वास पुरेना, हात बधिर. दोर हातातून सुटला आणि पोहरा दाणकन खाली गेला. बायका हसल्या. मी पण हसले. त्यानंतर विहिरीकडे जायची वेळ झाली की मी आधीच श्वास मोजू लागायची. मग चुलीपुढे झालं. मग देवळात आरती चालू असताना. म्हणता म्हणता अशी वेळ आली की ते होत नसे तेव्हाही मी त्याचीच वाट बघत असे. वर्गात मी दाराजवळ उभी राहू लागले. जेवताना घास घशात अडकेल म्हणून कालवून पातळ केलेला भातच तेवढा खाऊ लागले. ब्लाउज सैल झाले. आईंनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, काही गोड बातमी असेल. तसं नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

शेवटी यांना सांगावंच लागलं. यांनी मला कल्याणला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी लावून छाती तपासली, पाठ ठोकून पाहिली, जीभ पाहिली. हृदय उत्तम आहे, फुप्फुसं स्वच्छ आहेत, असं ते म्हणाले. एक लाल औषध दिलं आणि माझ्याकडे न बघता यांना सांगितलं की मूलबाळ झालं की हे सगळं जाईल.

परतताना हे मोकळे झाले होते, मला मात्र जास्तच भीती वाटत होती. हृदयाचं दुखणं असतं तर त्याला नाव तरी असतं. शरीर चांगलं आहे म्हणजे मग डोक्यातच काही आहे. माझ्या माहेरी एक चुलत आत्या होती. तिला मागच्या खोलीत ठेवत, ताट दाराशी ठेवत, आणि पाहुणे आले की कडी लावत. लहानपणी त्या दारावरून जाताना मी पळत जात असे. आता मला ते दार आतून दिसायला लागलं.

आईंना वाटलं की नजर लागली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या धुराने मला इतका ठसका लागला की तिथेच पुन्हा झालं, आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर. मी खांबाला धरून तोंड उघडं टाकून हवा ओढत होते आणि आई माझी पाठ चोळत होत्या. नंतर त्यांनी माझ्या दंडाला काळा दोरा बांधला आणि यांना हळू आवाजात म्हणाल्या की डोंगरातल्या पाड्यावर एक जाणता माणूस आहे, त्याला दाखवू. हे नको म्हणाले. दोघांचं त्यावरून वाजलं, आणि ते आपल्यामुळे वाजलं याचीही मला भीती वाटली. एक दिवस हे मला माहेरी पोचवून येतील आणि परत न्यायला येणार नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं.

दिवाळीच्या आधी आम्ही कापड घ्यायला उल्हासनगरला गेलो. तेव्हा लोक नुसतं कॅम्प म्हणत. अंबरनाथला उतरून टांग्याने जायचं. लढाईच्या वेळच्या लष्करी बराकी, लांबच लांब, एकीसारखी एक, आणि त्यांत गोणपाटाचे पडदे लावून निर्वासित सिंधी कुटुंबं राहत होती. पुढच्या भागात दुकान, मागे संसार. कापड तिथे स्वस्त मिळायचं. हे एका दुकानात भाव करत होते आणि मी दोन्ही बाजूंनी छपरापर्यंत रचलेल्या ताग्यांच्या मधोमध उभी होते. मागे गिऱ्हाइकं, पुढे गिऱ्हाइकं. दार दिसेना. आणि ते आलं.

मला पुढचं नीट आठवत नाही. आठवतो तो एक हात, हाडकुळा आणि कोरडा, माझ्या मनगटाला धरून मला पडद्यामागे ओढणारा. मागे खाट होती, स्टोव्ह होता, आणि ती बाई होती. चाळिशी उलटलेली, सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी ओढणी. तिने मला जमिनीवर बसवलं, माझा एक हात माझ्याच पोटावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. मी तोंडाने हवा ओढत होते.

"लो मत," ती म्हणाली. "छोड़ो. पहले छोड़ो."

मला कळेना. मी श्वासासाठी तडफडत होते आणि ही म्हणत होती, घेऊ नको, सोड. तिने ओठांचा चंबू करून स्वतः सोडून दाखवला, दूध फुंकावं तसा, लांब, संपेपर्यंत. मग हाताने माझं पोट आत दाबलं. माझा श्वास बाहेर गेला. भीतीने मी डोळे मिटले, कारण आता आत काहीच उरलं नव्हतं. आणि मग काही न करता तो आपोआप आत आला. इतके महिने मी भरलेल्या भांड्यात पाणी ओतत होते.

पडदा बाजूला करून हे आत आले तेव्हा मी रडत होते. ती बाई यांना हिंदीत म्हणाली की हिला घेऊन या, दर रविवारी, मी शिकवते. दुकान तिच्या नवऱ्याचं होतं. आजूबाजूच्या बराकींतली माणसं तिला अदी म्हणत. त्यांच्या भाषेत अदी म्हणजे बहीण. मीही तेच म्हणू लागले.

परक्याच्या घरी जाऊन जमिनीवर लोळायचं हे आईंना मुळीच पसंत नव्हतं. पण यांनी याही वेळी ऐकलं नाही. रविवारी हे मला घेऊन जात आणि बाहेर दुकानात अदीच्या नवऱ्याबरोबर चहा पीत बसत. आत सतरंजीवर अदी आणि मी. तिच्या वडिलांनी घरातल्या मुलींनाही आसनं शिकवली होती, आणि तिकडे सिंधमध्ये असताना ती मोहल्ल्यातल्या बायकांना शिकवायची, एवढं तिने सांगितलं. तिकडचं दुसरं काही ती बोलत नसे. आमचं बोलणंही तसं थोडंच. माझं हिंदी मोडकं, तिचं सिंधीत भिजलेलं.

पहिले काही रविवार तिने मला फक्त बसायला आणि श्वास सोडायला लावलं. मग पालथं निजून मकरासन, मग भुजंगासन, मग पाय भिंतीला वर लावून पडून राहणं. माझी पाठ नोकरीला लागल्यापासून दुखायची, ती आधी थांबली. मग झोप लागू लागली. मग एक दिवस ताटात मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला आणि आईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ते येणं मात्र बंद झालं नव्हतं. यायचं, पण मी पोटावर हात ठेवून सोडत राहायची आणि ते जायचं. त्याची भीती होतीच. आता ती आली की करण्यासारखं काहीतरी हातात होतं, इतकंच.

एका रविवारी अदीने मला श्वास आत धरून ठेवायला सांगितलं. तिच्या वडिलांकडे पुढची पायरी तीच होती. मी धरला. कानात गुणगुण सुरू झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि जे वर्गात झालं होतं त्याच्या दुप्पट झालं. मी तिच्या दंडाला नखं रुतवली. अदीचा चेहरा पांढरा पडला. तिने मला कुशीवर वळवलं, पाठीवर हात ठेवून माझ्याबरोबर स्वतः मोठ्याने श्वास सोडत राहिली. मी शांत झाल्यावर ती म्हणाली की चूक तिची, हे माझ्यासाठी नाही, निदान आता नाही. ते आम्ही पुन्हा कधी केलं नाही. त्यानंतरही माझा तिच्यावर विश्वास राहिला, कदाचित तीही घाबरते हे दिसल्यामुळे असेल.

सगळं झाल्यावर शेवटी शवासन. उताणं निजायचं, हातपाय सैल सोडायचे, डोळे मिटायचे. मी निजले की अदी उठून पडद्याजवळ जाऊन उभी राहायची, माझ्याकडे पाठ करून. दुकानात काही हवंनको बघत असेल असं मला वाटायचं. मला ते आसन सगळ्यांत अवघड गेलं. शरीर सैल झालं की ते आपलं राहत नाहीसं वाटायचं, आणि मी दचकून उठायची. पण हळूहळू राहता येऊ लागलं, आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी वर्गात दारापासून लांब उभी राहू शकायची. म्हणून अदी म्हणाली की हे घरी रोज कर.

घरी सकाळी वेळ नसे. पहिल्याच दिवशी शाळेतून आल्यावर मी पडवीलगतच्या खोलीत पांढरं धोतर अंथरून निजले. सतरंज्या उन्हात घातल्या होत्या म्हणून यांचं जुनं धोतर घेतलं, तेवढंच कारण. आई शेजारी दळणाला गेल्या होत्या. शवासन छान लागलं होतं. अंग जड, श्वास इतका बारीक की माझा मलाच ऐकू येत नव्हता.

मग एक आवाज झाला. तो माणसाचा आहे हे मला आधी कळलंच नाही. डोळे उघडले तर आई उंबऱ्यात बसल्या होत्या, पिठाचा डबा लवंडलेला, सगळीकडे पीठ, आणि त्या तोंडावर दोन्ही हात दाबून घशातून तसा आवाज काढत होत्या. मी उठून बसले तशा त्या मागे सरकल्या. मी जवळ गेले, त्यांच्या हाताला हात लावला. तो गार होता. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांना मी दिसत नव्हते.

हे कामावरून आले तेव्हा आई स्वैपाकघरात पाठ फिरवून बसल्या होत्या. त्यांनी यांना एवढंच सांगितलं की या घरात कुणी मढ्यासारखं निजणार नाही, आणि त्या बाईकडे जाणं आजपासून बंद. यांनी काही बोलायचा प्रयत्न केला. मीच यांना थांबवलं, कारण मला आईंचीच भीती वाटत होती, म्हणजे त्यांना काही होईल याची.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. रविवार आला की मी घरातच. श्वास सोडणं मी करत होते, पण चोरून, आणि चोरून केल्याने ते फळत नव्हतं. विहिरीवर पुन्हा झालं. वर्गात झालं. त्यात डेप्युटी साहेब तपासणीला येणार अशी बातमी आली. साहेबांसमोर तसं झालं तर नोकरी जाईल, याची मला खात्री होती. मी पुन्हा पातळ भातावर आले.

एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. आई समोर बसल्या होत्या. एकाएकी त्या बोलू लागल्या, सुपाकडे बघत. माझे सासरे कसे गेले ते मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ते दुपारी जेवून असेच उताणे निजले होते, धोतर पांघरून. आई शेजारी बसून वाती वळत होत्या. वाती वळून संपल्या, चहाची वेळ झाली, आणि त्यांनी हाक मारली. तोवर ते गार झाले होते.

"मी शेजारीच होते," आई म्हणाल्या. "वाती वळत होते. बघितलं नाही मी."

त्या उठल्या, आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सतरंजी होती, चांगली जाड, निळ्या पट्ट्यांची. ती त्यांनी पडवीलगतच्या खोलीत घातली.

"नीज," त्या म्हणाल्या. "तुला गुण येत होता ते मला दिसत होतं. मी इथे बसते. पोट हलतंय का ते मी बघते."

मी निजले. डोळे मिटले, पण सैल सोडायची हिंमत होईना. मला माझी भीती नव्हती, त्यांची होती. श्वास बारीक झाला तर त्या पुन्हा तसा आवाज काढतील असं वाटून मी मुद्दाम मोठा श्वास घेत राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी आपला हात माझ्या पोटावर ठेवला, अदीने ठेवला होता तसाच, आणि तो तिथेच राहिला. पोट वर गेलं की त्यांचा हात वर जायचा. मग मला त्यांचाही श्वास ऐकू येऊ लागला, नाकातून, जड, आणि काही वेळाने तो माझ्याबरोबर चालू लागला.

रोज असंच होऊ लागलं. काही दिवसांनी त्यांनी हात काढून घेतला आणि नुसतं बघत बसू लागल्या. त्यांना स्वतःला वर्षानुवर्षं झोप नव्हती, हे मला माहीत होतं. पहाटेच्या आधी उठून त्या अंगणात बसलेल्या असत. त्या हिवाळ्यात हे मला म्हणाले की आई हल्ली उजाडेपर्यंत निजते, तिला बरं नाही का. तिला बरं होतं.

डेप्युटी साहेब आले त्या दिवशी तसं झालंच. साहेब खुर्चीत, हेडमास्तर त्यांच्या मागे उभे, मुलं गप्प, आणि माझी बोटं बधिर. मी फळ्याकडे वळले, गणित लिहू लागले, आणि लिहिता लिहिता सोडत राहिले, लांब, संपेपर्यंत. अक्षर थोडं वाकडं आलं. साहेबांनी मुलांना दोन प्रश्न विचारले आणि पुढच्या वर्गात गेले. ते गेल्यावर मी खुर्चीला धरून उभी राहिले. पण मी उभी होते.

त्यानंतरच्या रविवारी आई म्हणाल्या की मला पण न्या. बरोबर त्यांनी पोह्यांची पिशवी घेतली होती, आमच्या शेतातल्या भाताचे. बराकीत शिरताना त्या माझ्या मागे मागे होत्या, पदर घट्ट ओढून. अदीने खाट पुढे केली. आई जमिनीवरच बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी मधे. मी अदीला सांगितलं की इतके दिवस का आले नाही, आणि आईंनी काय पाहिलं होतं ते. अदी ऐकत होती. ऐकता ऐकता तिची मान खाली गेली.

मग ती बोलली ते मी आईंना जसंच्या तसं सांगितलं. अदी म्हणाली की ती सगळ्यांना शवासन शिकवते, पण घर सोडून आल्यापासून तिने स्वतः ते केलेलं नाही. तिला उताणं निजता येत नाही. माणसं तशी पडलेली तिने पाहिली आहेत. म्हणूनच मी निजल्यावर ती पाठ फिरवून उभी राहते. रात्री ती खाटेवर भिंतीला टेकून बसून झोपते.

बाहेर दुकानात कुणीतरी कापड फाडत होतं, त्याचा आवाज आत येत होता. आईंनी सतरंजी हाताने सारखी केली. अदीला हाताने खूण केली, इथे ये. अदीने मान हलवली, नाही. आईंनी पुन्हा खूण केली आणि मराठीत म्हणाल्या, "मी बसते ना."

ते मी हिंदीत सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. अदी हळूहळू येऊन बसली, मग कोपरावर टेकली, मग निजली. डोळे उघडेच. ओढणीचं टोक तिने मुठीत धरून ठेवलं होतं. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती, आणि तिच्या बाबतीत काय करायचं हे मला माहीत नव्हतं. आईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ काहीच बदललं नाही. मग अदीने ओठांचा चंबू करून एक श्वास सोडला, लांब, अडखळत. तिने डोळे मिटले, लगेच उघडले, उठून बसली आणि पुरे म्हणाली. चहा करायला स्टोव्हशी गेली. आमच्याकडे पाठ करून ती बराच वेळ पंप मारत राहिली.

आई त्यानंतर माझ्याबरोबर जात राहिल्या. अदी कधी निजायची, कधी नाही. पुढे तिच्या मुलीचं लग्न झालं आणि ती नवऱ्यासह मुलीच्या गावी राहायला गेली. तोवर मला दिवस गेले होते. बाळंतपणाच्या कळा येत होत्या तेव्हा सुईण मला श्वास धर म्हणत होती आणि आई पलीकडून म्हणत होत्या, सोड. मी सोडत राहिले.

मला जे होत होतं त्याला पुढे कुणीतरी नाव दिलं. ते ऐकून मला विशेष काही वाटलं नाही. योगाने ते मुळातून गेलं असं मी म्हणणार नाही. वर्षाकाठी एखादेवेळी येतं अजून, बँकेच्या रांगेत किंवा लग्नाच्या मांडवात, आणि दर वेळी पहिला क्षण तितकाच वाईट असतो. मी कुठेतरी टेकते आणि पोटावर हात ठेवते. माणसांना वाटतं, बाईंचं पोट दुखतंय.